भावी न्यायमूर्ती

न्यायाधीश व्हायची इच्छा लहानपणी कोणाला होत नाही. लहानपणी एसटीचा ड्रायव्हर व्हायचं असतं, मग पोलीस, मग वडील म्हणतील ते. न्यायाधीश व्हावंसं वाटतं ते पन्नाशीकडे झुकताना, एखादं भांडण धडधडीत आपल्या बाजूचं असूनही हरल्यावर. मी पुरणपोळीवरून हरलो.

इंग्रजी विकिपीडियावर पुरणपोळीचं पान आहे. कोणीही यावं, लिहावं, खोडावं अशी तिथली रीत असल्यामुळे मीही तिथे अधूनमधून (बायकोच्या हिशेबाने अहोरात्र) लुडबुडत असतो. या पानावर नावांचा क्रम कसा लावायचा, पुरणपोळी आधी की तिचं कन्नड नाव होळिगे आधी, यावरून माझी एका कन्नड गृहस्थाशी जुंपली. तो होळिगे वर न्यायचा, मी पुरणपोळी वर आणायचो. त्याने 'मानसोल्लास' काढला. बाराव्या शतकातला ग्रंथ, कर्ता कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, आणि त्यात म्हणे पुरणपोळीची कृती. कल्याणी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण, सबब पोळी आमची, असं त्याचं म्हणणं. मी लिहिलं, ग्रंथ संस्कृतात आहे, चालुक्यांचं राज्य महाराष्ट्रातही होतं, सबब राजा तुमचा असेल, पोळी आमची. एकच पुरावा आम्ही दोघं दोन बाजूंनी ओढत होतो आणि पुरण बाहेर येत होतं.

तिथे नियम आहे, की एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवायचं नाही. रात्री सव्वादोनला मी तो नियम ओलांडला. ओलांडता ओलांडता एक वाक्यही टाकलं : "महाशय, आपण पुरणपोळी कधी खाल्ली आहे, की नुसतीच वाचली आहे?" सकाळी उठून बघतो तर मला चोवीस तासांची संपादनबंदी. त्यालाही होती, त्यामुळे तेवढं समाधान. पण आम्ही दोघं बाहेर बसलेलो असताना तिसऱ्याच कोणीतरी येऊन सगळी नावं इंग्रजी अकारविल्हे लावून टाकली. एच हे अक्षर पीच्या आधी येतं. इंग्रज गेल्यावरही त्यांचा अन्याय चालूच आहे तो हा असा.

दाद कुठे मागायची हे शोधता शोधता मला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा पत्ता लागला. त्याचं नाव लवाद समिती. सुरुवातीला तिथली भांडणं संस्थापक जिमी वेल्स स्वतःच निस्तरायचा. घरातल्या चार माणसांची भांडणं निस्तरणारा माणूस अकाली म्हातारा होतो, मग इथे तर जग भांडत होतं. २००३ च्या अखेरीस त्याने हे काम एका समितीच्या गळ्यात घातलं. २००४ पासून समिती बसते आणि दरवर्षी तिच्या जागांसाठी निवडणूक होते. सध्या पंधरा जागा, मुदत दोन वर्षं. मानधन शून्य, भत्ता शून्य, गाडी नाही, दिवा नाही, पट्टेवाला नाही, बैठकीत चहासुद्धा नाही, कारण बैठकच नाही. निकाल ज्याच्या विरुद्ध जातो तो जन्मभर विसरत नाही आणि ज्याच्या बाजूने जातो तो त्याला आपला हक्कच समजतो. असल्या पदासाठी लोक उभे राहतात हे वाचून मला त्यांची फार कीव आली. मग मी अर्ज कसा भरायचा ते बघितलं.

आता कोणी म्हणेल, मराठी विकिपीडियावर का नाही उभे राहिलात? तिथे लवाद समितीच नाही. १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झालेल्या त्या विकिपीडियावर चावडी आहे. भांडण चावडीवर येतं, चार शहाणी माणसं आपापलं मत देतात, पाचवा शुद्धलेखन काढतो, आणि मूळ भांडणाऱ्यांना कामं असल्यामुळे ते निघून जातात. ही पद्धत चांगलीच आहे, पण तिच्यात उमेदवारी नाही. आणि उमेदवारीशिवाय मराठी माणसाच्या जिवाला चैन नाही. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती तोवर बरं होतं. २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून अध्यक्ष निवडणुकीविना ठरायला लागले, आणि सुशिक्षित माणसाला मानाने हरायची एक हक्काची जागा गेली.

अर्जाच्या अटी मी सहज पार केल्या. पाचशे संपादनं हवीत. माझी कितीतरी जास्त, त्यातली निम्मी एकाच पानावर. गोपनीयतेच्या करारावर सही हवी. पूर्वी वापरलेली सगळी खाती जाहीर करायची. ही अट बहुधा पोळलेल्या हातांनी घातली असावी, कारण २००७ साली समितीवर बसलेले एक सदस्य, जे स्वतःला धर्मशास्त्राचे डॉक्टरेटप्राप्त प्राध्यापक म्हणवत होते, ते प्रत्यक्षात निघाले उच्च पदवी नसलेले चोवीस वर्षांचे तरुण. एका नामांकित अमेरिकन साप्ताहिकाने आदल्या वर्षी त्यांना प्राध्यापक म्हणून छापूनही टाकलं होतं. हे वाचून मला हायसं वाटलं. मी प्राध्यापक नाही आणि मला कोणी चोवीस वर्षांचाही समजणार नाही.

निवेदनाला मर्यादा चारशे शब्दांची. चारशे शब्दांत मराठी माणसाचं प्रास्ताविक होत नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात चारशे शब्द संपले तेव्हा मी नुकता शाळेत गेलो होतो. दुसऱ्या मसुद्यात शाळा काढून टाकली आणि 'न्यायाची तळमळ' घातली. मुलीने वाचून विचारलं, "बाबा, हे कोणाचं श्रद्धांजलीचं आहे?"

सासरे त्या वेळी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. साताऱ्याच्या कोर्टात बेलिफ होते, आता निवृत्त. जावई न्यायाधीश होणार हे कळल्यावर एका डोळ्याला पट्टी असतानाही ते खुर्चीत ताठ बसले.

"जावईबापू, एक सांगतो. पहिल्या भेटीत निकाल द्यायचा नाही. तारीख द्यायची."

"तिथे तारखा नसतात, मामा. सगळं लेखी. आणि पुराव्यालासुद्धा शब्दमर्यादा आहे, पक्षकाराला साधारण हजार शब्द."

"मग वकील जगतात कसे?"

"वकीलच नसतात."

सासरे बराच वेळ गप्प बसले. वकील नसलेलं कोर्ट त्यांना एका डोळ्याने नीट दिसत नसावं.

"बरं, पुरणपोळीचा खटला पहिला घ्या," ते शेवटी म्हणाले.

आणि इथेच खरी गोम होती. नियम पुन्हा बारकाईने वाचले तेव्हा लक्षात आलं, की ही समिती खरं काय, खोटं काय यावर निवाडा देतच नाही. मजकुराचा वाद मजकूरवाल्यांनी सोडवायचा. समिती बघते फक्त वागणूक. म्हणजे मी निवडून आलो, पंधरा जणांत बसलो, अगदी मानाने बसलो, तरी पुरणपोळी कोणाची हे मला ठरवता येणार नव्हतं. ती कोणाची हे सांगताना कोण किती उर्मटपणे बोललं, एवढंच ठरवता येणार होतं. आणि त्या बाबतीत माझी बाजू जरा अवघड होती.

तिथली इतर भांडणं बघितली की पुरणपोळीचं भांडण किती वरच्या दर्जाचं होतं ते कळतं. दह्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच घालायचा की नाही यावर तिथे वर्षानुवर्षं रक्त आटवलं गेलं आणि २०११ साली तो एच अखेर गेला. 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस' या सिनेमाच्या नावातल्या 'इन्टू'चा आय मोठा काढायचा की छोटा, यावर चाळीस हजारांहून जास्त शब्द खर्ची पडले. एवढ्या शब्दांत एखादी कादंबरी झाली असती, आणि तिच्या नावावरून पुन्हा भांडण. पानाच्या उजव्या कोपऱ्यात माहितीची चौकट असावी की नसावी हा वाद २०१३ साली खुद्द लवाद समितीपुढे गेला. याच समितीने २००९ साली चर्च ऑफ सायंटॉलॉजीच्या जागांवरून होणारी संपादनं बंद केली होती. जगातल्या एका बलाढ्य पंथाला दारात थोपवणारी माणसं चार वर्षांनी चौकट मोजत बसली. न्यायदानात असं होतं. आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा हिशेब तपासणारे निवृत्त ऑडिटरसुद्धा लाखाचं देणगीपुस्तक पाच मिनिटांत सोडतात आणि सुतळीच्या बिलावर अडून बसतात.

अर्ज भरला त्या संध्याकाळी मेहुण्याचा फोन. "दाजी, बॅनर टाकलाय ग्रुपवर. बघा."

बॅनर बघितला. मध्यभागी मी, लग्नातल्या सुटात. डोक्यामागे तराजू. वर 'भावी न्यायमूर्ती', खाली 'आपला माणूस, हक्काचा माणूस', आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून अठरा चेहरे, ज्यांतल्या एकानेही विकिपीडियावर कधी स्वल्पविराम टाकलेला नाही. एका कोपऱ्यात उगवता सूर्य होता. तो कोणत्या पक्षाचा, असं विचारल्यावर मेहुणा म्हणाला, "तसलं काही नाही, टेम्प्लेटमध्ये होता."

मी त्याला समजावलं, की तिथे प्रचारबंदी कडक आहे. बाहेरून माणसं गोळा करणं हा गुन्हा समजतात.

"माणसं गोळा न करता निवडणूक? मग दाजी, तुम्ही करता काय नक्की?"

"प्रश्नांची उत्तरं देतो."

"कोणाच्या?"

"मतदारांच्या."

"मतदार उमेदवाराला प्रश्न विचारतात?" मेहुणा हादरला. त्याने पंचायत समितीच्या दोन निवडणुका जवळून पाहिल्या आहेत.

बॅनर सोसायटीच्या ग्रुपवर पोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी दारात उभे. अभिनंदन केलं, पेढा मागितला आणि फाइल काढली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी दुसऱ्या मजल्यावर ठिबकतंय, चार महिने झाले, आता तुम्हीच निकाल द्या. मी म्हटलं, मी निवडून आलेलो नाही. ते म्हणाले, असू दे, सवय होईल. मग मी त्यांना समितीची कार्यकक्षा सांगितली. पाणी कुठून येतं हा मजकुराचा वाद, त्यात मला पडता येणार नाही. पाण्याबद्दल बोलताना कोणी कोणाला काय म्हटलं ते लेखी द्या, दोन्ही बाजूंनी हजार शब्दांच्या आत, तारीख-वेळेसह.

सेक्रेटरींनी फाइल मिटली. "म्हणजे ठिबकणं चालूच राहणार?"

"हो. पण सभ्यपणे."

प्रश्नोत्तरांचं पान उघडलं तेव्हा मला वाटलं होतं, लोक न्यायतत्त्वांबद्दल विचारतील. पहिलाच प्रश्न : 'अमुक तारखेला रात्री दोन वाजून पंधरा मिनिटांनी उमेदवाराने जे वाक्य लिहिलं, ते त्याला आजही सभ्य वाटतं का?' विकिपीडियावर लिहिलेलं सहसा काहीच पुसलं जात नाही, ही त्या प्रकल्पाची महानता मी स्वतःच लोकांना ऐकवत आलो होतो. दुसऱ्याने विचारलं, उमेदवाराची निम्मी संपादनं एका गोड पदार्थावर आहेत, हे स्वारस्य आहे की आजार? तिसरा लांब आणि आखूड डॅशमधल्या फरकावर माझी भूमिका विचारत होता. माझी डॅशवर भूमिका नव्हती. ती मी रात्रीत घेतली, आणि सकाळी कळलं की चुकीच्या बाजूला घेतली.

मग आला तो कन्नड गृहस्थ. एका ओळीत विचारलं : "उमेदवाराने होळिगे कधी खाल्ली आहे, की नुसतीच वाचली आहे?"

हे उत्तर मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन लिहिलं. बायकोला वाचून दाखवलं, सासऱ्यांना वाचून दाखवलं, रागाचा एकेक शब्द वेचून काढला. शेवटी लिहिलं : "उमेदवाराने पुरणपोळी आणि होळिगे दोन्ही आवडीने खाल्ल्या आहेत." समतोल, उदार, न्यायासनाला शोभेल असं.

पाच मिनिटांत पुढचा प्रश्न : "म्हणजे हे दोन वेगळे पदार्थ आहेत, असं उमेदवाराचं मत आहे का?"

हो म्हणावं, तर पानावर दोन वर्षं मी जे लिहिलं ते सगळं खोटं. नाही म्हणावं, तर एकच पदार्थ दोनदा खाल्ला, असं उत्तर दिल्यासारखं. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "तारीख मागा."

सासऱ्यांची मदत एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. जावई अडचणीत आहे हे बघून त्यांनी नातीकडून गुपचूप स्वतःचं खातं उघडून घेतलं आणि माझ्या उमेदवारीच्या चर्चेत इंग्रजीत साक्ष नोंदवली : 'मी उमेदवारास पुष्कळ वर्षांपासून ओळखतो. घराणं चांगलं. व्यसन नाही. वरील मजकूर खरा असून त्यात काही लपवून ठेवलेलं नाही.' आणि खाली, सवयीने, 'समक्ष'.

एकाच माणसाने दोन खाती काढून स्वतःलाच पाठिंबा देणं, हा तिथला सगळ्यात हलका गुन्हा समजला जातो. हलका म्हणजे नीच या अर्थी. आज उघडलेलं खातं, पहिलंच लिखाण, तेही उमेदवाराच्या स्तुतीचं; तासाभरात तिथे खूण लागली : हे उमेदवाराचंच दुसरं खातं असण्याचा संशय. मी तातडीने खुलासा केला, की ते माझे सासरे आहेत. उत्तर आलं, असं सगळेच सांगतात. मी लिहिलं, ते खरोखरचे सासरे आहेत, शेजारच्या खोलीत टीव्ही बघतायत. उत्तर आलं, टीव्हीचा पुरावा ग्राह्य नाही, आणि ते खरे असतील तर घरची माणसं मताला आणणं हाही नियमभंगच.

बायको मागे उभी राहून वाचत होती. "माझे वडील आहेत की नाहीत, हे तू परक्या लोकांना पटवून देतोयस?"

"प्रयत्न करतोय."

"आणि त्यांना पटत नाहीये?"

"काहींचं मत तटस्थ आहे."

सासऱ्यांना मात्र हे सगळं भलतंच मानवलं. आयुष्यभर त्यांनी 'इसम पत्त्यावर मिळून आला नाही' असे शेरे मारले होते. आपल्याबद्दलच तसा शेरा वाचून ते पोट धरून हसले आणि डोळ्याची पट्टी सरकली म्हणून डॉक्टरांची बोलणी मला बसली.

मतदानाआधी तिथे काही जण आपापली मतदार-मार्गदर्शिका काढतात. खासगी तक्ता. उमेदवारांची नावं, समोर हिरवा किंवा लाल रंग आणि एका ओळीचा शेरा. एरवी दोनशे पानांचा चरित्रग्रंथ लिहूनही जे साधत नाही ते ही मंडळी एका ओळीत साधतात. माझ्यापुढचे शेरे मी अजून जपून ठेवले आहेत. 'तळमळ आहे, ती कशाची ते कळत नाही.' 'डॅशबाबत धोकादायक.' आणि एका अनुभवी संपादकाचा : 'सासरे जास्त योग्य वाटतात. न्यायालयाचा अनुभव आहे.'

मतदान गुप्त असतं. २००९ च्या आधी तिथे उघड मतं पडायची, कोण कोणाच्या विरुद्ध ते सगळ्या जगाला दिसायचं. ती पद्धत बंद झाली हे माझ्या पुढच्या आयुष्यासाठी बरंच झालं. प्रत्येक उमेदवारापुढे पाठिंबा, विरोध किंवा तटस्थ. मग पाठिंबा आणि विरोध यांची बेरीज करून पाठिंब्याची टक्केवारी काढतात. साठ टक्के मिळाले तर दोन वर्षं, पन्नासच्या वर एक वर्ष. दोन आठवडे मतदान, मग दुसऱ्या विकिपीडियांवरची जाणती माणसं दुबार मतं शोधून काढतात. त्यांनी सासऱ्यांचं मत शोधायला किती वेळ घालवला माहीत नाही. त्यांनी मत दिलंच नव्हतं. देता येत नव्हतं.

निकाल लागला. माझी टक्केवारी दहावीला 'पुन्हा बसा' म्हणतात त्या घरातली होती. पण खरा मार तिचा नव्हता. विरोध मी समजू शकतो. विरोधाला माणूस लागतो, काही केलेला, काही बोललेला. मला सगळ्यात जास्त मिळाली होती ती तटस्थ मतं. शेकडो माणसांनी माझं नाव वाचलं, चारशे शब्द वाचले, रात्री सव्वादोनचं वाक्य वाचलं, आणि त्यांना काहीच वाटलं नाही. शिवाय तटस्थ मतं हिशेबात धरतच नाहीत.

माझ्या चर्चापानावर सांत्वनाचे दोन संदेश आले. एक सगळ्या पडलेल्या उमेदवारांना एकच मजकूर चिकटवणाऱ्या भल्या माणसाचा. दुसरा कन्नड गृहस्थाचा. त्याने चक्क मला पाठिंबा दिला होता, आणि माझ्या पराभवाने तो मनापासून हळहळला होता. मी कारण विचारलं. तो म्हणाला, समितीवर गेलेल्या माणसाला दोन वर्षं श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही असं ऐकून आहे. तुम्ही निवडून आला असता तर पान शांत राहिलं असतं.

इतका स्वच्छ, निर्मळ राजकीय हिशेब मी आमच्या जिल्ह्यातही पाहिला नव्हता. मी मेहुण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दाजी, त्याला उभा करा पुढच्या वर्षी. मग तुमचं पान मोकळं." बॅनर तयारच आहे, फक्त चेहरा बदलायचा.

सासरे साताऱ्याला परत जाणार होते, ते लांबलं. दोन्ही डोळे आता लख्ख आहेत. मतदाराला १ नोव्हेंबरच्या आत दीडशे संपादनं लागतात हे त्यांना कुठूनतरी कळलं, आणि तेव्हापासून माझा लॅपटॉप माझा राहिलेला नाही. सकाळची पूजा झाली की बसतात. सातारचे कंदी पेढे हा विषय त्यांनी अंगावर घेतला आहे. काल दुपारी आतून हाक आली.

"जावईबापू, हा कोण आहे बघा. म्हणतो, पुरावा द्या. मी आयुष्यभर खाल्लेत म्हटलं तर म्हणतो, ते चालत नाही."

"संदर्भ द्यावा लागतो, मामा. पुस्तक, वर्तमानपत्र, काहीतरी."

"ते मागनं बघू. याच्यावर समन्स कसं काढायचं, ते आधी सांगा. पत्ता मी शोधतो."